चकती पुसणारे किसन मिस्त्री

हौसाआक्कांचं दहावं उरकून आम्ही नदीवरून गावात परत येत होतो. त्यांचा थोरला मुलगा दत्ता, माझा जुना विद्यार्थी, ताठ झालेला पाय ओढत माझ्या शेजारून चालत होता. मध्येच थांबला आणि म्हणाला, "सर, तुम्ही काय काय लिहिता म्हणं. एकदा किसन मिस्त्रींवर लिहा. आन् खरं लिहा."

मी चपापलो. "खरं म्हणजे काय रे?"

"जे तुम्हाला ठाव हाय ते. मलाबी पहिल्यापासनं ठाव हाय."

ती गोष्ट जगात दोघांनाच माहीत आहे असं समजून मी इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. त्यातले एक, म्हणजे खुद्द मिस्त्री, आधीच गेलेले. ज्यांच्यापासून लपवायचं त्या हौसाआक्का दहा दिवसांपूर्वी गेल्या. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, मला ठाव हाय! त्या दिवशी रात्रभर डोळा लागला नाही. शेवटी ठरवलं, लिहायचं.

मी राहूच्या हायस्कूलला गणित शिकवायचो. बायकोची नोकरी दौंडला, म्हणून बिऱ्हाड दौंडला. रोज मोटारसायकलवरून जायचं-यायचं. दोन हजार सालाच्या आसपास पुढच्या चाकाला डिस्क असलेल्या गाड्या आमच्याकडं दिसायला लागल्या आणि मी हौसेनं एक घेतली. वर्षभरात ब्रेकचे पॅड झिजले. स्टँडजवळचा एक जण दहा मिनिटांत नवे टाकून द्यायचा, पण त्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं. कुणीतरी म्हणालं, पाटस रोडला किसन मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं जा, फक्त घाई सांगू नका. मी गेलो आणि पहिलंच वाक्य बोललो, "मिस्त्री, जरा घाई आहे."

मिस्त्री पंचेचाळिशीचे, काळेसावळे, सडपातळ. खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं. गॅरेज कसलं, पत्र्याची शेड. पण आत जमिनीवर तेलाचा एक डाग नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "घाई हाय तर एस्टीनं जा, सर. गाडी संध्याकाळी न्या."

असा राग आला म्हणता! नाकावर राग ही आमच्या घराण्याची इस्टेटच आहे. पण एस्टी निघून गेली होती, शाळेत रजा कळवली आणि बसलो तिथंच बाकड्यावर, बघू हा माणूस दोन पॅड बदलायला दिवसभर काय करतो ते.

आधी चाक उचलून त्यांनी फिरवलं. एक वाकवलेली तार चाक धरणाऱ्या काट्याला बांधून तिचं टोक चकतीच्या, म्हणजे डिस्कच्या, अगदी जवळ आणलं आणि चाक हळूहळू फिरवत कान लावून बसले. चकती वाकडी असली की तार एका जागी टिकटिकते. मग व्हर्निअरनं चार ठिकाणी जाडी मोजली. मग चाक उतरवून लाकडी पाटावर ठेवलं आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन चकती घासायला लागले. गोल गोल, एकसारखं, एक बाजू झाली की दुसरी. आरशासारखी चकचकीत चकती त्यांनी बघता बघता मंद करून टाकली.

मला राहवेना. "अहो, चांगली चकाकी होती की! ती का घालवली?"

"ती चकाकी न्हाई, सर. जुन्या पॅडची साय हाय. नव्या पॅडला ती धरू देत न्हाई. जुनं मोडल्याबिगर नवं नांदत न्हाई."

मग स्पिरिट आणि जुन्या धोतराचा फडका. एकदा पुसलं, फडका काळा. दुसऱ्यांदा, करडा. असे किती फडके झाले, मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी झालं असं वाटल्यावर मी जवळ जाऊन कौतुकानं चकतीवरून बोट फिरवलं. "वा! कापडासारखी झाली."

मिस्त्रींनी डोळे मिटले. मग स्पिरिटची बाटली पुन्हा उघडली आणि पहिल्यापासून पुसायला घेतलं. माझ्या बोटाचं तेल लागलं होतं ना, आणि तेलावर पॅड घसरतो! नंतर हे मी शाळेतल्या पोरांना कितीदा सांगितलं असेल. गणित चुकलं तर खाडाखोड करू नका रे, पहिल्यापासून मांडा.

एवढ्यावर गाडी मिळेल असं वाटलं तर तेही नाही. पॅड बसवून झाल्यावर ते स्वतः गाडी घेऊन निघाले. पाटस रोडनं जायचं, वेग धरायचा, मग ब्रेक हळूच दाबून वेग उतरवायचा, पुन्हा धरायचा. असं तीस वेळा. मध्ये थांबून चकती निवू द्यायची. नवा पॅड आणि चकती एकमेकांना धरेपर्यंत गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही हा त्यांचा नेम. एकदा एक फौजदार अडून बसले होते, साहेब येणार आहेत, गाडी आत्ताच्या आत्ता द्या म्हणून. मिस्त्री हात जोडून म्हणाले, "मला आत टाका साहेब, पर गाडी आजून अकरा ब्रेकांची कच्ची हाय." फौजदार शिव्या देत बसून राहिले. अकरा ब्रेक झाल्यावरच गेले.

आणि निघताना प्रत्येकाकडून ते एक गोष्ट वदवून घ्यायचे. "म्हणा सर, चकतीला तेल लावणार न्हाई." मी म्हटलं, मी काय पहिलीतला आहे? तर किल्ली हातातच धरून उभे. म्हणावंच लागलं.

ही चिकाटी कुठून आली, असं मी एकदा विचारलं. ते मूळचे शिरूर तालुक्यातले, घोड नदीकाठच्या इनामगावचे. त्यांच्या लहानपणी तिथं उत्खनन चाललं होतं. पुण्याहून शिकलेली माणसं यायची आणि गावातल्या लोकांना खणायला रोजावर घ्यायची. किसन मिस्त्री कोवळ्या वयातच तिथं कामाला लागले. "एक मॅडम व्हत्या. मला ब्रश दिला आन् म्हणाल्या, किसन, या रांजणावरची माती काढायची, पर रांजणाला कळता कामा नये. आठ दिस लागले सर. गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या माणसांना गावच्या पाणवठ्याला हात लावू देत नव्हते तवा, आन् हितं हजारो वर्सांपूर्वीच्या कुणाच्या घरातलं भांडं मी मांडीवर घेऊन पुसत व्हतो." एवढं सांगून ते पुन्हा कामाला लागले.

शेडमध्ये बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्यापुढं सकाळी उभे राहून पंचशील म्हणायचे आणि मगच पाना हातात घ्यायचे. खोटं बोलणार नाही हे त्यातलं एक. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं त्यावरून आमचं भांडण झालं.

दत्ता तेव्हा बावीस-तेवीसचा होता. पोलीस भरतीची तयारी करायचा. सकाळी शाळेला येताना नदीच्या रस्त्यानं पळत असलेला मला कितीदा दिसायचा, हात वर करून हसायचा. एका भरतीत दोन मार्कांनी हुकला होता आणि पुढच्या भरतीला नक्की निघणार असं सगळं गाव म्हणत होतं. घर राहूतल्या मोठ्या बागायतदाराचं, वडील रंगरावआप्पा सोसायटीचे चेअरमन. तरी पोराला खाकी वर्दीच घालायची होती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी दत्तानं मिस्त्रींकडून पॅड बदलून घेतले. मीच पाठवलं होतं त्याला. दसऱ्याला दुपारी तो मामाला सोनं द्यायला दौंडकडं निघाला. वाटेत शेतातून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रस्त्यावर आला. दत्तानं ब्रेक दाबला. गाडी थांबलीच नाही.

जीव वाचला. उजवा गुडघा गेला. पुण्याच्या दवाखान्यात दोन ऑपरेशनं झाली, आत सळई बसली आणि डॉक्टरांनी सांगितलं, पाय राहील, पण वाकणार नाही. म्हणजे पळणं संपलं. वर्दी संपली.

आठवड्यानं आप्पांनी ती चेपलेली गाडी टेंपोतून आणून मिस्त्रींच्या शेडपुढं आदळली. मी तिथंच होतो. आप्पांचा आवाज सगळ्या रस्त्यानं ऐकला. "हे बघ तुझं काम! ब्रेक करतो म्हणं! माझ्या पोराचा पाय खाल्लास तू." मिस्त्री मान खाली घालून उभे होते. टेंपो गेल्यावर त्यांनी चाक काढलं.

चकतीकडं एकदाच पाहिलं आणि तिथंच खाली बसले. मी वाकून पाहिलं. पॅड तेलानं ओलेगच्च. चकतीच्या भोकाभोकांत हळद-कुंकू घट्ट बसलेलं, आणि सगळ्याला करडईच्या तेलाचा वास.

त्या घराची रीत मला माहीत होती. दसऱ्याला घरातल्या सगळ्या लोखंडाला हौसाआक्का स्वतःच्या हातानं तेल पाजायच्या. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, विहिरीवरची मोटार. वर्षभर राबतं बिचारं, एक दिवस त्याचा, असं म्हणायच्या. मोटारसायकलवर सगळीकडं रंग. उघडं लोखंड तेवढं त्या चकतीचं, त्यात धुतल्यामुळं तिच्यावर जरा तांबूस धरलेलं. आक्कांनी तिलाही तेल पाजलं. मायेनं, भरपूर.

मी ताडकन उठलो. "मिस्त्री, ही चकती अशीच घ्या, आत्ता राहूला जाऊ. तुमची काही चूक नाही. आप्पांना दाखवू."

"बसा सर."

"बसा काय! उद्यापासून तुमच्याकडं काळं कुत्रं फिरकणार नाही."

"आप्पांना दाखवलं म्हंजी आक्कास्नी कळलं."

"कळू दे की! खरं ते कळू दे. रोज पंचशील म्हणता ना? मग हे खोटं कसं चालतं तुम्हाला?"

माझा आवाज फार चढला होता. त्यांनी आपला आवाज अजिबात चढवला नाही. "खोटं कुठं बोलतोय? तेल लावू नका हे मी परत्येकाला सांगतो. त्या दिशी दसऱ्याची गर्दी व्हती, दत्ताला सांगायचं ऱ्हायलं. ते माझंच ऱ्हायलं का न्हाई?" मग चकतीवर हात ठेवून म्हणाले, "सर, त्या माउलीला आता जन्मभर ह्याच हातानं पोराला भाकर वाढायचीय. तो हात तिला नकोसा झाला तर ती वाढंल कशी?"

त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. त्या माणसाला वदवून घ्यायची सवयच होती. "म्हणा सर, आक्का हायती तवर बोलणार न्हाई." मी म्हटलं. आणि मग बाहेर येऊन रस्त्यावरच्या दगडाला लाथ मारली, माझाच अंगठा सुजला.

पुढं व्हायचं तेच झालं. किसन मिस्त्रीकडं ब्रेक केला आणि पोराचा पाय गेला, हे दौंडपासून राहूपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं. गिऱ्हाइकं तुटली. ज्या हातानं चकती घासायची त्या हातानं ते पंक्चर काढायला लागले. आमच्या स्टाफरूममध्ये एकानं, "अशा लोकांकडं गाडी टाकूच नये," असं म्हटलं. 'अशा' म्हणजे काय ते मला कळलं. माझं त्याचं कडाक्याचं भांडण झालं, वर्षभर बोलणं नव्हतं. पण खरं काय ते सांगता आलं नाही. तेव्हा मला मिस्त्रींचाच जास्त राग यायचा. माणसानं इतकं चांगलं असू नये, दुसऱ्याला जगणं अवघड होतं.

दत्ताची ती गाडी त्यांनी सरळ केली. नवी चकती, नवे पॅड, काटे, सगळं. आणि स्वतः राहूला पोचवायला निघाले. मी म्हटलं, मीही येतो. एकट्यानं त्या दारात जाऊ द्यायचं नव्हतं.

आप्पा ओट्यावरून उठलेच नाहीत. हौसाआक्का दारात आल्या. मिस्त्रींना बघून त्यांना हुंदका फुटला. "मिस्त्री, त्या दिशी मी सवता पूजा केली व्हती हो गाडीची. तेल-कुंकू समदं केलं. तरीबी देवानं डोळं कसं मिटलं?"

आता त्यांना सांगावं तर लागणार होतं. धाकटा महेश तीच गाडी चालवणार होता, पुढच्या दसऱ्याला आक्का पुन्हा तेल पाजणार होत्या. आणि सांगितलं, की त्याच क्षणी त्या सगळं समजणार. मिस्त्रींनी गाडीची किल्ली हातातच धरली. मग म्हणाले, "आक्का, माझं एक मागणं हाय. दरसाल दसऱ्याला तुमची पूजा झाली, की मी येऊन ब्रेक बघून जाईन. मी येईस्तोवर गाडी जागची हलवायची न्हाई. मला शबूद द्या."

ओट्यावरून आप्पा म्हणाले, "आता पस्तावून काय उपेग?" पण आक्कांनी शब्द दिला.

आणि तो माणूस दरवर्षी जात राहिला. दसरा म्हणजे त्यांचाही मोठा दिवस, धम्मदीक्षेचा. सकाळी पांढरे कपडे घालून दौंडच्या विहारात वंदनेला जायचं आणि तिथूनच तसंच एस्टीत बसायचं. घरची माणसं चिडायची, त्या दिवशी नातेवाईक जेवायला यायचे आणि हे राहूला. तिथं अंगणात उकिडवं बसून आक्कांनी लावलेलं तेल स्पिरिटनं पुसायचं, पॉलिश पेपर फिरवायचा, पुन्हा पुसायचं, मग महेशला मागं बसवून तीस ब्रेक. गावाला वाटायचं, मिस्त्रींना केल्या कर्माची टोचणी आहे. वाटू दिलं त्यांनी.

त्यांना मी शेवटचं पाहिलं तेही दसऱ्यालाच. तेव्हा ते थकले होते, हात कापायचा, खोकला पाठ सोडत नव्हता. मी सोनं द्यायला आप्पांच्या घरी गेलो होतो. दत्तानं तोवर गावात बी-बियाणांचं दुकान टाकलं होतं, तो पाय लांब करून ओट्यावर बसलेला. अंगणात मिस्त्री, पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचे डाग, चकती पुसताहेत.

हौसाआक्का चहाचा कप घेऊन आल्या. आम्हाला दिले होते त्यातलाच कप. त्यांच्यापाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, आता पुरं करा हो. किती वर्सं जिवाला लावून घ्यायचं? चूक माणसाच्याच हातनं हुती. आमी तुम्हाला कवाच माफ केलंय."

ओठांपर्यंत आलं होतं सगळं. मिस्त्रींनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मी ते गिळलं. मी दत्ताकडं पाहिलं तर तो मान फिरवून भिंतीकडं बघत होता. तेव्हा मला वाटलं, त्याला अजून राग आहे. परवा नदीवर त्यानं सांगितलं, आई चकतीला तेल लावत होती तेव्हा तो समोरच उभा होता, हसत होता. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेना, तेव्हाच त्याला सगळं उमगलं होतं. "आईपायी गप ऱ्हायलो, सर. आन् मिस्त्रीस्नी तो डाग घिऊन मरू दिलं," असं म्हणून तो रस्त्यावरच लहान मुलासारखा रडला.

मिस्त्रींनी फडका बाजूला ठेवला. दोन्ही हात जोडले.

"लई उपकार झाले, आक्का," ते म्हणाले. "लई वर्सं वाट बघत व्हतो."

आक्कांचा चेहरा असा मोकळा झाला, की मी तसा तो दत्ताच्या अपघातानंतर कधीच पाहिला नव्हता. त्यांनी पदरानं डोळे पुसले, "चहा निवला बघा, दुसरा आणते," म्हणाल्या आणि घरात गेल्या. मिस्त्रींनी फडका उचलला आणि चकतीची दुसरी बाजू पुसायला घेतली.